नास म्हणजे ओलं

बायको जाऊन वर्ष व्हायला तीन महिने होते, तेव्हा मुलाने मला जर्मनीत नेलं. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. त्याला सुट्टी मिळत नव्हती. म्हणाला, "बाबा, आईचं वर्ष इथेच करू. तुम्ही एकटे तिथे काय करणार?" मी हो म्हणालो नाही, नको पण म्हणालो नाही. एकट्याने चहा करून पिणं मला जमत नव्हतं, एवढं खरं.

मुलगा कायझर्सलाउटर्नला एका संशोधनाच्या संस्थेत मशीनचा इंजिनियर. सून पुण्याची, तीही तिथेच कम्प्युटरवर. सकाळी दोघं गेली की मी आणि फ्रीजचा आवाज.

वर्षाचं माझ्या डोक्यात एकच होतं. श्राद्धाचा स्वयंपाक गोडा. पण आमच्या घरात दुसऱ्या दिवशी तिखटाचं पान वाढतात, गेलेल्या माणसाला आवडायचं ते. आणि हिला मासळीशिवाय काय आवडायचं? मालवणच्या बाजारात जन्मभर मासळी विकली हिने. पण बर्फातला मासा तोंडात घेतला नाही कधी. म्हणायची, "बर्फातला मासो लोकांक इकूचो, आपण खावचो नाय." आणि इथे मासळी म्हणजे सुपरमार्केटात, दगडासारखी. ती हिच्या पानात वाढायची माझी छाती नव्हती. ही गेल्यापासून मी मासा खाल्ला नव्हता. तिला वाढून मगच खायचा, असं ठरवून बसलो होतो.

खालच्या मजल्यावर एक म्हातारा राहायचा. लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. जंगलात झऱ्याच्या पाण्यावर त्याचं स्वतःच्या मालकीचं तळं होतं, तिथे तो ट्राउट मासा धरायचा. ते लोक त्याला फोरेले म्हणतात. मुलाने त्याला सांगितलं की माझा बाप कोळी माणूस. म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझे हात बघितले आणि म्हणाला, "आल्झो, मॉर्गन." म्हणजे, मग उद्याच.

मुलाने कोळी म्हटलं ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं. मी रापणीवरचा माणूस. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात गोल टाकतात, आणि मग वाळूत उभं राहून तीस-चाळीस माणसं दोन्ही टोकांचे दोर ओढतात. चौथीत नापास झालो तेव्हापासून मी दोर ओढला. मासा एकेकटा धरायचा असतो, त्याला खेळवायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या तळहाताला दोर कळतो. दोरा कळत नाही.

आणि म्हाताऱ्याचा दोरा म्हणजे केस. काठी लांब आणि लवचिक, जाड दोरी, मग ती बारीक होत होत शेवटी हातभर असा दोरा की उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. त्याच्या टोकाला पिसांची खोटी माशी, तिच्या पोटात गळ. पहिल्या दिवशी माशाने ती घेतली आणि मी सवयीने दोन्ही हातांनी हिसका दिला. टक. दोरा तुटला.

मी खुणेने सांगितलं, जाड बांध की. त्याने जाड बांधून दिला. तळं काचेसारखं स्वच्छ. मासे माशीपर्यंत आले, दोरा बघितला आणि मागे वळले. सकाळभर एकाने तोंड लावलं नाही. म्हाताऱ्याने हात पसरले, म्हणजे बघ बाबा तूच. मग पुन्हा बारीक दोरा.

तोही तुटायचा. आता मी हिसका देत नव्हतो, काठी नुसती वर उचलत होतो, तरी तुटायचा. आणि तुटायचा तो गाठीपाशी, माशीच्या जवळ. म्हाताऱ्याला माशीचं दुःख नव्हतं. त्याने स्वतःच्या ओठात बोट अडकवून दाखवलं आणि तळ्याकडे हात केला. मासा तो गळ तोंडात घेऊन फिरतोय, असं. हे मला लागलं. आमच्या जाळ्यातून सुटलेला मासा सुटतो. असा दाभण तोंडात घेऊन जात नाही.

गाठ बांधायची पाळी आली की म्हातारा माझ्या डोक्यावर उभा. मी पाच-सहा वेढे घालायचो, टोक ओवायचो, आवळायला लागलो की हा बोट तोंडाकडे नेऊन म्हणायचा, "नास! नास माखन!"

नास. मला वाटलं, नासलं म्हणतोय. नासवलीस गाठ, दातांनी तोड. मी तोडायचो. पुन्हा वेढे, पुन्हा ओवणं, पुन्हा ह्याचं "नास". मी पुन्हा तोडायचो. हा कपाळावर हात मारायचा. एकदा मी हसत हसत मराठीत म्हणालो, "तुझं डोकं नासलंय, म्हाताऱ्या." तो म्हणाला, "जा, जा, गेनाऊ," म्हणजे हो, हो, बरोबर, आणि खूष झाला. त्याला वाटलं मला कळलं.

शेवटी मी त्याच्याकडे न बघता कोरडी गाठ आवळून टाकायचो. आणि ती तुटायची.

असे आठवडे गेले. वर्षाचा दिवस आला. मुलाने ड्युसेलडॉर्फच्या कोणा भटजीला फोनवर विचारून घरातच सगळं केलं. खीर, वडे, गोडं वरण. सुनेने मनापासून केलं, बोलायला जागा नव्हती. पण उद्याच्या पानात वाढायला माझ्या हातचं काही नव्हतं, आणि म्हाताऱ्याने धरलेला मासा मागून मला वाढायचा नव्हता.

जेवताना सून म्हणाली, "बाबा, मी उद्या फिश आणते ना, फ्रेश काउंटरवरची. बर्फ असतो, पण फ्रोझन नसतं ते."

"बर्फ तो बर्फ," मी म्हणालो.

"अहो, मग काय करायचं?"

"त्या खालच्याला विचार. मी गाठ मारायला घेतली की नासलं, नासलं करतो. जन्म समुद्रावर काढला मी, मला गाठ मारायला शिकवतो."

सून घास हातात धरून थांबली. "नासलं? मराठीत?"

"मराठीत कुठून? नास, नास म्हणतो आणि तोंडाकडे बोट करतो. तोडून टाक म्हणतो."

ती हसायला लागली. मग माझ्याकडे बघून थांबली. "बाबा, नास म्हणजे ओलं. वेट. गाठ तोंडात धरून ओली करा म्हणतायत ते."

मुलगा म्हणाला, "प्लास्टिक असतं ते. कोरडं आवळलं की स्वतःवरच घासून तापतं आणि तिथे कच्चं होतं."

ते मला कोणी सांगायला नको होतं. मी खिरीकडे बघत बसलो.

मालवणला आमच्या पडवीत ही जाळं पसरून बसायची. दुपारी बाजारातून आली की जाळ्याची फाटलेली चौकोनी घरं विणायची, नायलॉनच्या दोऱ्याने. प्रत्येक गाठ ओठात धरायची आणि मग आवळायची. मी कधी मदतीला बसलो की दोन गाठींत ओरडा. "अवो, वडू नकात! ओली करा आदी." मी म्हणायचो, दोरा काय चाटायची वस्तू आहे? ती माझ्या हातातून सुई घ्यायची आणि म्हणायची, "तुमी रापणीर जावा. थंयच बरे तुमी." किती वर्षं ऐकलं असेल हे. कानाला ते समुद्रासारखं झालं होतं, असतं आणि ऐकू येत नाही.

सकाळी अजून धुकं होतं तेव्हा मीच म्हाताऱ्याची बेल वाजवली.

तळ्यावर पहिलं काम त्याने केलं ते दोरा दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत चाचपला. मध्ये बारीक गाठ लागली. वाऱ्यात काठी फिरवताना अशा आपोआप पडतात आणि तिथेच दोरा दगा देतो. त्याने तो सगळा काढून टाकला आणि नवा दिला. मी माशी ओवली, वेढे घातले. गाठ तोंडात घेतली. दोऱ्याला चव नसते, पण मला आली. हळू आवळली तशी ती सरकली आणि बसली. म्हाताऱ्याने काठी माझ्या हातात दिली.

बऱ्याच वेळाने एकाने घेतली. मी काठी उचलली. काठी वाकली आणि मासा धावत सुटला, रिळावरची दोरी करकरत निघाली. माझी मूठ आपोआप दोरीवर आवळली.

"लांगजाम," म्हातारा म्हणाला. हळू.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी मी हिचा हात असा धरला होता की नर्स म्हणाली, आजोबा, हात सोडा, सुई लावायचीय. मला सोडता येत नव्हता. माझी बोटं नर्सने एक एक करून उघडली.

इथे मीच उघडली. मासा गेला तिकडे गेला. थांबला तेव्हा मी थोडी दोरी घेतली. पुन्हा धावला, पुन्हा दिली. त्याचा जोर काठीवर पडू दिला, दोऱ्यावर पडू दिला नाही. शेवटी तो कुशीवर होऊन काठाला आला आणि म्हाताऱ्याने खालून जाळी घातली. लाल ठिपक्यांचा, बांगड्यापेक्षा थोडा मोठा. म्हाताऱ्याने लाकडाने एक टोला दिला, टोपी काढून क्षणभर उभा राहिला आणि मासा माझ्या हातात दिला. गाठ शाबूत होती.

सुनेने मी आणलेली तिरफळं घालून सार केलं. केळीचं पान नव्हतं, स्टीलचं ताट होतं. फोटोसमोर भात वाढला, सार वाढलं, माशाचा मधला तुकडा वाढला. मुलाने हात जोडले.

मग आम्ही बसलो. मी पहिला घास घेतला. गोड्या पाण्यातला मासा, मऊ, पानचट.

"कसं झालंय, बाबा?" सुनेने विचारलं.

"तू चांगलं केलंयस. माशालाच समुद्र माहीत नाही."

हिने तोंड वाकडं केलं असतं. मी उठलो, मिठाची बरणी घेतली आणि फोटोसमोरच्या तिच्या ताटातल्या तुकड्यावर चिमूटभर मीठ घातलं.