शंकाबाईंची चष्म्याच्या पिशवीतली डिस्क

माझी सून रुग्णालयात कामाला आहे असं सांगितलं की लोक लगेच आपली दुखणी काढून बसतात. तिला साधी सुई टोचता येत नाही. ती तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत सर्व्हर सांभाळते. म्हणजे एक मोठं यंत्र. कोणाचं रक्त कोणत्या गटाचं, कोणाला कोणतं औषध सोसत नाही, सगळं त्याच्या पोटात. ते बंद पडलं की डॉक्टरांनाही हातावर हात ठेवून बसावं लागतं.

माझी शाळा चौथीत सुटली, पण सुनेचं काम मला पाठ आहे, कारण निम्मं माझ्याच खोलीत झालंय.

ती यंत्राची इमेज तयार करते. इमेज म्हणजे आतल्या सगळ्या यंत्रणेची जशीच्या तशी प्रत. यंत्रानं मान टाकली तर ती प्रत दुसऱ्या यंत्रात भरायची आणि काम पुढे सुरू. पण दुसरं यंत्र दुसऱ्या कंपनीचं असलं की प्रत तिथे जागी होते ती भांबावूनच. मी लेकीकडे राहायला गेले की चार दिवस मला दिव्याचं बटण सापडत नाही, तसंच. यंत्राला तर स्वतःची डिस्कच सापडत नाही. मग ते बंद होतं, चालू होतं, पुन्हा बंद. म्हणून प्रतीतून जुन्या यंत्राच्या खुणा पुसायच्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या भागांशी ओळख करून देणारे ड्रायव्हर आधीच आत घालून ठेवायचे आणि मुख्य म्हणजे ती परक्या यंत्रावर उठते का, ते एकदा बघायचं.

हे बघणं साहेबांना मंजूर नव्हतं. साहेब म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, फार हुशार माणूस. दर महिन्याला प्रत काढायची आणि ज्या यंत्रातून काढली त्याच यंत्रात परत घालून बघायची, हा त्यांचा नियम. ती दर महिन्याला पास व्हायची. आपल्याच घरात डोळे मिटून हिंडता येतं, हे सिद्ध करायला त्यांनी तीन वर्षं रंगीत तक्त्यांचे अहवाल लिहिले.

परक्या यंत्रावर चाचणी करू द्या, असे सुनेनं सात अर्ज दिले. सातव्या अर्जानंतर तिचं नाव पडलं शंकाबाई. आणि साहेबांनी सांगितलं, आता प्रती आपोआप निघतात, तेव्हा पुढल्या महिन्यापासून शंकाबाईंनी वर चौकशीच्या खिडकीत बसावं. बारा वर्षं यंत्र सांभाळलेली बाई आता एक्स-रे कुठे आणि बाथरूम कुठे ते सांगणार. त्या दिवशी घरी येऊन तिनं भांडी अशी घासली की एका पातेल्याचा पोचा गेला.

रविवारी तिनं भंगारवाल्याकडून भलत्याच कंपनीचं एक यंत्र उचलून आणलं. रिकामा प्लग फक्त माझ्या खोलीत होता, म्हणून माझी ट्रंक गेली दाराआड आणि यंत्र आलं माझ्या पायथ्याशी. विमान उडावं तसं घोंघावायचं. पण मागून गरम वारा यायचा, त्यावर माझे गुडघे मस्त शेकले जायचे, म्हणून मी तक्रार केली नाही. माझ्या मुलानं बायकोला मोलाची मदत केली. तो वायरी ओलांडून जाताना अडखळला नाही.

रुग्णांची माहिती तिनं घरी कधीच आणली नाही, ती रुग्णालयात कुलपात होती. घरी नुसती यंत्रणा. एकोणीस वेळा ती प्रत उठली नाही. विसाव्या वेळी उठली, तेव्हा सून माझ्या पलंगावर बसून पाच मिनिटं नुसती त्या पडद्याकडे बघत होती. मग रुग्णालयाच्या भांडारातल्या बाईकडून तिनं नव्याने आलेल्या सर्व्हरच्या खोक्यावरचा तपशील उतरवून आणला, त्याचे ड्रायव्हरही आत घातले आणि डिस्क माझ्या चष्म्याच्या जुन्या पिशवीत ठेवून दिली. बाहेरची डिस्क आत आणायला साहेबांची लेखी परवानगी लागते. ती कोण देणार?

महिना संपायला चार दिवस उरले असताना साहेबांनी विश्वस्तांपुढे प्रात्यक्षिक ठेवलं. सर्व्हर बंद करतो आणि तासाभरात पुन्हा उभा करून दाखवतो, म्हणाले. सात वर्षं ज्याची वीज एकदाही तोडली नव्हती, ते यंत्र त्यांनी स्वहस्ते बंद केलं. अर्धं काम तर फारच सुरेख झालं. यंत्र बंद झालं ते कायमचं.

साहेब डगमगले नाहीत. नवं यंत्र खोक्यातून काढवलं, आपली रंगीत तक्त्यांची प्रत त्यात भरली. ते चालू झालं, बंद झालं, चालू झालं. वर खिडक्यांपुढे रांगा लागल्या, रक्ताचे अहवाल अडकले. तासाभराने साहेब सुनेकडे वळले.

"मॅडम, तुमच्याकडे काही आहे का?"

"आहे. पण घरी आहे. आत आणायला तुमची लेखी परवानगी लागेल."

"आणा हो, दिली परवानगी."

"लेखी, साहेब. नियम तुमचाच आहे."

तिच्या पर्समध्ये एकच कागद होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर साहेबांनी घाईघाईने लिहून सही ठोकली. तो तिचा आठवा अर्ज होता, चाचणी करू द्या आणि मला खिडकीत बसवू नका असा, अजून न दिलेला. विश्वस्तांच्या अध्यक्षीणबाईंनी तो हातात घेतला, उलटला आणि चष्मा लावून सावकाश वाचू लागल्या.

इकडे मला फोन आला. "आई, चष्म्याची पिशवी घेऊन टॅक्सीने या. चष्मा नको, पिशवी." मी पोचले तेव्हा त्या खोलीत आठ माणसं उभी होती आणि बसायला खुर्ची मात्र साहेबांनाच होती. मला बघून तेवढे उठले.

सुनेनं डिस्क लावली. यंत्र एकदा बंद झालं. मग ते चालू झालं आणि चालूच राहिलं. कुलपातली माहिती त्यात भरून होईपर्यंत दुपार कलली. वर पहिला अहवाल छापला गेल्याचं कळलं, तेव्हा अध्यक्षीणबाईंनी अर्ज साहेबांपुढे ठेवला. "मागे सही झालीच आहे, आता पुढेही करून टाका. आणि खिडकीत कोणाला बसवणार होता म्हणालात?"

साहेब छताकडे बघू लागले. छत चांगलं होतं.

त्यांच्या अहवालात सगळं त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालं, असं लिहिलंय. खरंच आहे, त्यांनी बंद केलं नसतं तर हिनं चालू काय केलं असतं? सून यंत्रखोलीतच आहे. आता दर महिन्याला परक्या यंत्रावर चाचणी होते आणि त्यासाठी ते भंगाराचं यंत्र तिनं तिकडे नेलं.

ट्रंक जागेवर आली, खोली शांत झाली आणि माझे गुडघे गार पडले. तसलंच आणखी एक यंत्र आण, असा मी तिला अर्ज दिलाय. सातपर्यंत वाट बघायला मला वेळ नाही, हे त्यातच लिहून टाकलंय.