बेडं लावायचं राहिलं

आई गेली, बाबा एकटे पडले, म्हणून मला पुण्याचं ऑफिस सोडून पावस गावातल्या आमच्या घरातून काम करायची परवानगी मिळाली. अट एकच: काम अडता कामा नये. आणि नेमकं तेच अडलं.

मी लिहिलेली स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी कंपनीच्या एकेका शाखेच्या मशीनवर रिमोट सेशन, म्हणजे लांबूनच जोडणी, उघडायची, डिस्क किती भरली ते बघायची आणि बाहेर पडायची. निदान माझी तशी समजूत! प्रत्यक्षात दुपारपर्यंत ती सर्व्हरची सगळी मेमरी गिळायची आणि सर्व्हर आडवा. साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघा. नाही सुटलं तर सोमवारपासून इकडेच या."

माझं डोकं फिरलं. राग निघाला बाबांवर. आमच्या नारळी-पोफळीच्या आगराचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, ते उघडं टाकायचे आणि शेजारची गाय आत शिरून अळू फस्त करायची.

"ज्यानं बेडं उघडलं त्यानं लावायचं! एवढं साधं जमत नाही तुम्हाला?"

"लावतो की गो. मध्येच कुणी हाक मारली की धावतो, तेव्हाच राहतं."

तणतणत पुन्हा स्क्रीनपुढे बसले, आणि अगो बाई! सेशन बंद करायची ओळ मी लिहिली होती, पण अगदी शेवटी. काम चालू असताना लाइन तुटली की स्क्रिप्ट चूक नोंदवून तिथूनच पुढच्या शाखेकडे पळायची. मागचं सेशन उघडंच. दिवसभरात अशी किती साठून मेमरी खात असतील! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. काम होवो न होवो, सेशन बंद होईलच अशा जागी ती ओळ हलवली.

शुक्रवारी साहेबांचा फोन आला. "तीन दिवस सर्व्हर ठणठणीत आहे. राहा तिकडेच."

मी बेडं ढकलून धावत सुटले. बाबा शेजारच्या अंगणात आंबे निवडत होते. आठवडाभर "जा गो पुण्याला, माझं काय अडतंय" म्हणणारा हा माणूस बातमी ऐकून एकच आंबा कितीतरी वेळ पुसत राहिला. मलाही रडू आलं.

दोघं घरी परतलो तर बेडं सताड उघडं, आणि गाय अळवात. मी काठी उचलली. बाबांनी हात धरला.

"राहू दे गो. आज पोटभर खाऊ दे तिला."