माझ्या माश्यांना थंडी वाजू नये म्हणून

आमच्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला तिच्या दागिन्यांवर येऊन बसलेल्या शे-दोनशे पाहुण्यांना आमंत्रण मी दिलं होतं.

हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात काही जण अजून त्याचा दोष हवामानाला देतात. हवामान निर्दोष आहे. दोषी मी आहे!

तारनाक्याला आमच्या गच्चीवर मी मधमाश्यांची एक पेटी आणून ठेवली, त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. पन्नाशी ओलांडली की माणूस एकतर डॉक्टरकडे जातो नाहीतर छंद लावून घेतो. मला डॉक्टरांची भीती वाटते. माश्या सातेरी जातीच्या, स्वभावानं गरीब. सकाळी चहाचा कप घेऊन मी पेटीशेजारी बसायचो. मागच्या शेवग्याला फुलं आलेली, ऊन कोवळं, आणि पेटीतून असा गुणगुणाट यायचा, की वाटावं, पलीकडच्या खोलीत कुणीतरी बाळाला थोपटत बसलंय. दोन घोट चहा पोटात गेला की माझेच डोळे मिटायचे. बायकोच्या मते तेव्हा मी घोरायचो. (माश्यांनी कधी तक्रार केली नाही.)

अशा सुखात असताना डिसेंबर आला, आणि मी मोबाईलवर परदेशी व्हिडिओ पाहायला लागलो.

त्यात कमरेएवढ्या बर्फात उभा असलेला एक दाढीवाला गृहस्थ कळवळून सांगत होता, की हिवाळ्याआधी पेटीची तयारी केली नाही, तर वसंतात तुम्हाला आत फक्त मेलेल्या माश्या सापडतील. दार बारीक करा. पेटीला गरम कपडा गुंडाळा. साखरेचा घट्ट पाक द्या. त्याचा आवाज भरून आला होता. मी तो व्हिडिओ पुन्हा एकदा लावला. त्याच्या मागे बर्फ होता आणि माझ्या मागे वाळत घातलेले पंचे, हा फरक माझ्या ध्यानातच आला नाही.

मी लगेच कामाला लागलो. थर्मोकोलचा तुकडा लावून पेटीचं दार चिमटीएवढं केलं. मग कपाटातली जयपुरी रजई काढून पेटीभोवती लपेटली आणि सुतळीनं आवळली. रजई मंदाची, म्हणजे माझ्या बायकोची. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. पण माश्या एक प्रकारे पाहुण्याच की!

शेजारच्या गच्चीवरून युसुफभाई बघत होते. अंगात बनियन, हातात पतंगाची चक्री.

"क्या भाईसाब, किसकू लपेट रैं?"

"माश्यांना. थंडी है ना."

"थंडी?" त्यांनी आभाळाकडे बघितलं. मग स्वतःच्या बनियनकडे. "मियाँ, मेरेकू पसीना छूट रा. मक्ख्यों कू रजई कायकू?"

मी त्यांना दाढीवाल्याचं म्हणणं समजावून सांगितलं. ते "हौ, हौ" म्हणाले आणि जिना उतरून गेले. खालून बराच वेळ त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

दुपारपर्यंत निम्म्या माश्या बाहेर येऊन, उन्हाळ्यात माणसं ओट्यावर बसतात तशा, पेटीच्या दारापाशी घोस करून लोंबकळायला लागल्या. आत उकडत होतं, हे कोणालाही कळलं असतं. मला वाटलं, बिचाऱ्या उपाशी आहेत. पाकाची वाट बघतायत!

आता पाक.

आमचा मुलगा निखिल याचं दिवाळीनंतर लग्न झालं होतं. सून हारिका, तेलुगू घरातली. दोघं कोंडापूरला राहतात आणि शनिवार-रविवारी आमच्याकडे येतात. मराठी ती हौसेनं शिकत होती. मला 'मामय्या' आणि मंदाला 'अत्तय्या' म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडचे सासरा-सासू. मंदानं ठरवलं होतं, की सुनेची पहिली संक्रांत आपल्या पद्धतीनं झाली पाहिजे. काळी चंद्रकळा, आणि अंगभर हलव्याचे दागिने. हलवा विकतचा नाही, घरचा! केशर-वेलचीचा पाक करायचा, मंद आचेवर तीळ घेऊन त्यावर चमच्याचमच्यानं पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. गारवा असला की काटा सुरेख येतो, म्हणून ती भल्या पहाटे बसायची. खिडकीबाहेर धुकं, आत केशराचा वास, आणि मंदाच्या बोटांखाली तिळांना फुटणारे पांढरट काटे. मी अर्धवट झोपेत बघायचो. वाटायचं, ही बाई साखरेचं दंव पाडतेय.

"ती परक्या घरातून आलीय हो," मंदा म्हणायची. "तिला वाटलं पाहिजे, हे आपलंच घर आहे."

रजई गुंडाळली त्याच शनिवारी दुपारी मी गच्चीवरून पाक करायला खाली आलो आणि माझा पाक करपला. दुसऱ्यांदाही करपला. ओट्यावर मंदाचा पाक पितळी पातेल्यात तयार होता, झाकलेला, सोनेरी. मंदा आत लवंडली होती. निखिल बाहेर गेला होता. हारिका बाल्कनीत फोनवर बोलत होती. मी झाकण उचललं. मनात म्हटलं, दोन वाट्या घेतो. दोन वाट्यांनी एवढ्या माश्यांचं काय होणार! शेवटी मी अख्खं पातेलं परातीत रिकामं केलं आणि ती परात गच्चीवर, जिथे ऊन छान पडतं त्या जागी ठेवून आलो. रिकामं पातेलं गुपचूप सिंकमध्ये ठेवलं.

फोन संपवून हारिका आत आली. मुलगी मोठी गुणाची. सिंकमधलं पातेलं तिनं घासून लख्ख करून ठेवलं!

संध्याकाळी मंदा उठली.

"हारिका, या पातेल्यात पाक होता ना गं?"

"अत्तय्या, मी धुतली... धुतलं." ती गोंधळली. "त्याच्यात काही नव्हतं."

मंदानं लख्ख पातेल्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि गोड आवाजात म्हणाली, "असू दे. पाणी वाटलं असेल तुला. नवीन माणसाला काय कळणार!"

मंदाचा हा गोड आवाज मी अठ्ठावीस वर्षं ओळखतो. तो ऐकून मी एकदा तीन दिवस बाहेर जेवलो होतो.

हारिकाचे डोळे भरून आले. "सॉरी अत्तय्या. मी नीट बघितलं नाही वाटतं."

न केलेल्या चुकीची ती माफी मागत होती आणि ज्यानं चूक केली तो फ्रिजला टेकून उभा होता. मी तोंड उघडलं. 'पाक मी घेतला' एवढेच तीन शब्द होते. बाहेर काय पडलं? "चहा कोण कोण घेणार?"

कोणीच घेतला नाही.

पुढच्या शनिवारी निखिल एकटाच आला. "हारिकाला काम आहे," म्हणाला. मंदा म्हणाली, "असेल." दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही, तरी मला घाम फुटला. मग निखिल हळूच म्हणाला, "आई, ती म्हणते संक्रांतीला साडी नेसेन, दागिने घालेन, पण तिच्या हातून परत काही चुकलं तर? तिला तुमच्या घरात वावरायची भीती वाटते."

तुमच्या घरात! ते शब्द मंदाला लागले. गच्चीवर माश्या मात्र मजेत होत्या. परात चाटूनपुसून साफ केली होती. त्यानंतरही त्या रोज त्याच कोपऱ्यात येऊन घिरट्या घालायच्या, जेवण झाल्यावरही मांडवात रेंगाळणाऱ्या वऱ्हाडासारख्या. केशर-वेलचीचा वास त्यांनी पक्का ओळखून ठेवला होता.

संक्रांतीच्या दिवशी मंदानं जाहीर केलं, "हळदीकुंकू गच्चीवर. हॉलमध्ये एवढ्या बायका मावायच्या नाहीत."

"गच्चीवर कशाला?" मी म्हणालो.

"का? काय आहे गच्चीवर?"

"ऊन आहे."

"ऊनच पाहिजे. थंडी आहे ना? तुम्हीच तर रजया गुंडाळत फिरता!"

मी एक खुर्ची उचलून जिना चढायला लागलो. पुढे बोलायचं तर पाकापर्यंत यावं लागलं असतं.

आणि हारिका आली. तिची आईही आली होती. काळ्या चंद्रकळेवर केशराची झाक असलेले पांढरे दागिने: भांगात बिंदी, कानांत झुबे, नाकात नथ, गळ्यात हार, दंडावर बाजूबंद, कमरेला पट्टा. अमावास्येच्या रात्रीला कुणीतरी चांदण्या ओवून घातल्या असाव्यात, तशी दिसत होती. पण चेहरा कोमेजलेला. मंदाच्या नजरेला नजर देत नव्हती. मंदानं तिला खुर्चीवर बसवलं. खुर्ची अर्थातच, जिथे ऊन छान पडतं त्या जागी!

मग कुणीतरी गुलाबदाणी उचलली आणि नव्या नवरीवर जरा जास्तच प्रेमानं शिंपडली. गुलाबपाण्यानं हलवा ओलसर झाला, पाझरला. केशर, वेलची, गुलाब, सगळे वास एकदम उन्हात उठले.

पहिली माशी हारावर बसली. दुसरी बाजूबंदावर. आणि मग पेटीच्या दारात बेरोजगार होऊन लोंबकळणारा तो अख्खा घोस उठला.

"अय्यो देवुडा!" विहीणबाई किंचाळल्या.

बायकांची जी पळापळ झाली, ती मी वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की आमचा जिना अरुंद आहे आणि हळद ओली होती. क्षणात गच्ची रिकामी. दारात मंदा आणि तिला घट्ट धरून विहीणबाई.

"हलू नकोस!" मी ओरडलो. माश्यांबद्दल आयुष्यात मला बरोबर माहीत असलेली ही एकच गोष्ट. "अजिबात हलू नकोस, बाळ. त्या तुला चावायला आल्या नाहीत. त्या खायला आल्यात."

हारिका हलली नाही. आणि हळूहळू सगळं शांत झालं. युसुफभाईंचा पतंगसुद्धा वर स्तब्ध उभा होता. काळ्या साडीवरच्या चांदण्यांवरून माश्या सावकाश चालत होत्या, इवल्या जिभांनी एकेक काटा चाटत होत्या. तोच तो गुणगुणाट, बाळाला थोपटल्यासारखा. कलत्या उन्हात त्यांचे पंख सोन्याच्या भुशासारखे चमकत होते. बिंदीवर एक माशी कोंदणातल्या खड्यासारखी बसली होती. एक नथीवर होती, अगदी ओठाशी. हारिका फक्त डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. त्या डोळ्यांत भीती नव्हती, एक प्रश्न होता: मामय्या, यांना हा वास कसा ठाऊक?

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"हारिका," मी म्हणालो, "तो पाक तू सांडला नाहीस. मी चोरला. माश्यांना थंडी वाजेल म्हणून. रिकामं पातेलं मी सिंकमध्ये ठेवलं आणि तू बिचारीनं घासलंस. अत्तय्या तुला बोलल्या तेव्हा मी फ्रिजला टेकून उभा होतो आणि चहाचं विचारत होतो. तुझ्या हातून या घरात काहीही चुकलेलं नाही. जे चुकलं ते सगळं मी केलंय, आणि अजून बरंच करणार आहे, तेव्हा तू बिनधास्त वावर. हे घर तुझंच आहे."

दारातून मंदाचा आवाज आला, "अगं बाई!" हा आवाज अजिबात गोड नव्हता. तो खराखुरा होता. तिनं चपला काढल्या, हळूहळू चालत आली आणि हारिकाच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसली. "मी न विचारता बोलले गं तुला," एवढंच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

हारिकाच्या ओठांचा कोपरा थरथरला. नथीवरची माशी हलली. दात न उघडता हारिका पुटपुटली, "मामय्या, हसवू नका ना... चावेल."

म्हणून मी हसवलं नाही. हात जोडले आणि म्हणालो, "मला माफ कर, हारिका." मग रजईबद्दल मंदाची माफी मागितली, जिन्याबद्दल विहीणबाईंची, उकाड्याबद्दल माश्यांची. ऊन पाण्याच्या टाकीमागे जाईपर्यंत मी माफी मागत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझं बोलणं कुणीतरी मध्येच उठून न जाता शेवटपर्यंत ऐकून घेतलं. अर्थात, तिला उठताच येत नव्हतं!