काट्यापर्यंत न पोचलेली गाडी

भुतं मी ढिगानं पाहिलीत. घोडेगावच्या बाजारात एका भुतानं तर घासाघीस न करता माझी म्हैस नेली. पण ज्यानं माझी पाचावर धारण बसवली, ते भूत मीच कोल्हारच्या घरच्या लॅपटॉपवर जन्माला घातलं.

अनेक यंत्रं एकाच वेळी आपापलं चालवू लागली की ठरलेला नियम कुठं मोडतो का, हे आराखड्यातच तपासणं हा माझा धंदा. घडू शकेल तो प्रत्येक क्रम माझा प्रोग्राम चालून बघतो. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढच्या तीन रांगांना आपोआप उघडणारे दांडे बसणार होते: कडेचे दोन ट्रॅक्टरांना, मधला बैलगाड्यांना. नियम एकच आला: काट्यावर एका वेळी दोन वाहनं नकोत. आकाशातल्या चांदण्यांहून जास्त क्रम तपासले, एकही मोडला नाही. मी इतका फुगलो की दारातून तिरकं होऊन बाहेर पडावं लागलं.

हंगामात मिरवायला गेलो. मधल्या रांगेत पहिल्याच गाडीवर एक म्हातारा, बैलांच्या तोंडाला फेस.

"कधीपासून उभे, बाबा?"

"दिस उगवल्यापासनं. आदी काट्यावर मानूस हुता, शिव्या दिल्या की सोडायचा. ह्या दांड्याला सकाळधरनं देतोय. लई निबर हाय!"

डावा ट्रॅक्टर गेला की उजवा, उजवा गेला की डावा. दोन्ही बाजू रिकाम्या झाल्या तरच मधला दांडा उघडणार, असं आराखड्यातच होतं. वाचताना आम्ही कुणी दचकलो नाही. गाडीवान भांडून घुसतोच, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक; दांड्याला नव्हतं.

तिथंच लॅपटॉप उघडून दुसरा नियम लिहिला: जो थांबला, त्याचा नंबर कधीतरी लागलाच पाहिजे. नियम मोडणारा क्रम तत्काळ पडद्यावर आला. डावा, उजवा, डावा, उजवा, मधे एक गाडी. हा क्रम संपत नाही. मान वर केली तर समोर तेच चाललेलं.

दांडा हातानं उचलायला लावला. मागाहून रांगा आळीपाळीनं सोडायचा आराखडा केला, दोन्ही नियम पाळले गेले. पण त्या दिवशी आत जाता जाता म्हाताऱ्यानं पडद्याकडं मान वळवली.

"त्या डब्यातली गाडी गेली का वो आत?"

"गेली की!"

जन्मभर थापा मारल्या, ही एकच पचली नाही. ती गाडी जुन्या फाईलीत अजून उभीच आहे. भर दुपारी तपासणी लावली की लॅपटॉपच्या पंख्याच्या आवाजाखाली बैलांची घुंगरमाळ वाजते. म्हणून नवं काम आलं की मी आधी विचारतो, "इथं शिव्या देऊन कोण आत यायचं?"