घेवड्याने जागवलेल्या पेशी

सोलापुरात त्या काळी गिरणीच्या भोंग्याचा शास्त्रशुद्ध विचार करणारा एकच माणूस होता, आणि तो गिरणीत नव्हे, मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होता. आमच्या शेजारचे हे डॉक्टर मूळचे दुधनीचे. भोंगा झाला की ते गॅलरीत येऊन गल्लीतल्या खिडक्या बघत उभे राहत. "भोंगा काय घरात शिरतोय व्हय, पेपरवाले?" ते मला विचारत; मी तेव्हा एका वर्तमानपत्रात होतो. "तो भायेर. मग आत चूल कोण पेटवतंय? एक उठतंय, ते दुसऱ्याला हलवतंय. रक्तातल्या पांढऱ्या पेशीचं तसंच हाय की. शत्रू भिंतीला टेकला, पण आत निरोप कोण नेतंय?"

शत्रूऐवजी ते घेवडा वापरत. लाल घेवड्याचा अर्क लागला की झोपलेल्या पेशी फुगतात, दुणावू लागतात, असे परदेशात दिसले होते. डॉक्टर बाजारात एकेक दाणा उजेडात धरून निवडत. "शिजवायचाय, का त्याचं लगीन जमवायचंय?" दुकानदार विचारी. तो घेवडा घरच्या पाट्यावर कच्चाच वाटला जाई, म्हणून वहिनींनी त्या पाट्यावर चटणी वाटायचे सोडले होते. रक्त मात्र डॉक्टरांचे स्वतःचे. सुयांचे डाग झाकायला ते मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत.

पेशी काही उठेनात. शेवटी विभागप्रमुखांनी बजावले, आता एकच खेप. नाही जमले तर पेशी उबेत ठेवायची पेटी दुसऱ्या कामाला जाईल. त्यानंतर एका दुपारी डॉक्टर जेवण टाकून, खरकट्या हातानेच माझ्या दारात आले. रक्त गोठू नये म्हणून बाटलीत आधीच एक पूड टाकून ठेवायची प्रयोगशाळेची पद्धत होती. ती पूड रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते. "गोठायला कॅल्शियम लागतंय, तसं पेशीला उठायलाबी लागत असणार की," ते म्हणाले. "आमी भोंगा वाजवतोय, आणि निरोप्याला बाटलीतच बांधून ठेवलंय."

पूड टाळायची तर ताजे रक्त काचेच्या मण्यांत हलवायचे. गोठणारे धागे मण्यांना चिकटतात आणि उरलेले रक्त पातळच राहते. कॉलेजात मणी नव्हते. वहिनींच्या दारावर काचेच्या मण्यांचे तोरण होते.

"माहेरचं हाय ते," वहिनी म्हणाल्या.

"धुऊन परत देतो."

"नको. तुमच्या पेशींच्या दारालाच बांधा."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावले. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गोल ठिपके, आणि त्यांच्यामध्ये मोठ्या, टपोऱ्या, गडद निळ्या पेशी. "उठल्या," डॉक्टर म्हणाले. माझे मनगट त्यांनी इतके घट्ट धरले की बोटांचे वळ उठले. विभागप्रमुख आले, वाकून बराच वेळ बघत राहिले. "पेटी राहू दे," ते म्हणाले आणि निघून गेले.

डॉक्टर मात्र पुन्हा नळीला डोळा लावून बसले. "रंग चढवला तवाच मेल्या ह्या," ते हळू आवाजात म्हणाले. "उठलेल्या दिसल्या. पण कॅल्शियम आत जाऊन कुणाला हलवतंय, ते चालू असताना बघायला मिळालं पायजे होतं."

पुढे बऱ्याच वर्षांनी जिवंत पेशीतल्या कॅल्शियमची हालचाल दिसू लागली. एका मासिकात त्याचे छायाचित्र आले, आत उजेड पसरत चाललेली पेशी. ते घेऊन मी सवयीने शेजारी गेलो, आणि कडीला हात लावल्यावर आठवले की त्या घरात आता दुसरे लोक राहतात.