पाच व्होल्टला किती?

आमची वहिनी कुणाचं ऐकत नाही, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघतं, हा माझा वीस वर्षांचा जाच आहे. ती कामाला जायची तो शिवणकामाचा कारखाना बंद पडला तेव्हा तिने थर्माकोलच्या खोक्यात अंडी उबवायचं यंत्र केलं. आत बल्ब आणि पंखा, आणि ते सांभाळायला पत्त्यांच्या कॅटएवढा, एकाच सर्किट बोर्डवर मावलेला कॉम्प्युटर.

पहिल्या खेपेची चाळीसच्या चाळीस अंडी वाया गेली. दोन दिवस ती धड जेवली नाही. मग म्हणाली, "आणखी एकदाच. नाही जमलं तर खोकं मोडते आणि परगावी शिलाईची नोकरी धरते." घरात सगळ्यांचीच तोंडं उतरली.

दुसऱ्या खेपेच्या अठराव्या दिवशी कॉम्प्युटरचा चार्जर जळाला. मी मोठ्या तोऱ्यात माझा नवाकोरा दिला. दुसऱ्या दिवशी बघतो तर पंखा फिरू लागला की कॉम्प्युटर बंद! तो पुन्हा सुरू होईपर्यंत बल्ब विझलेला आणि खोकं गार पडत चाललेलं.

"चार्जरला नावं ठेवू नकोस," मी आधीच बजावलं. "तेहतीस वॅटचा आहे. फोन बघता बघता भरतो."

वहिनीने चष्मा पुसला, चार्जर उलटा केला आणि मुंगीएवढी अक्षरं वाचली.

"भावजी, तेहतीस वॅट अकरा व्होल्टला. पाच व्होल्टला दोनच अँपिअर. फोन त्याच्याकडून जास्त व्होल्ट मागून घेतो. माझ्या कॉम्प्युटरला पाचच चालतात, आणि पंख्यासकट अँपिअर लागतात तीन."

तिने घरातले सगळे चार्जर उलटेपालटे केले. बाबांच्या टॅबलेटचा जुना, जाडजूड चार्जर नेमका हवा तसा निघाला. बाबा तो लावूनच टॅबलेटवर बुद्धिबळ खेळत होते.

"माझा डाव अर्धा आहे," बाबा कुरकुरले.

"माझी पिल्लंही अर्धीच आहेत, बाबा."

चार्जर मिळाला. पंखा फिरला, बल्ब पेटलेलाच राहिला.

"आता बंद पडणार नाही," म्हणत वहिनी कपडे वाळत घालायला गेली. बाबा आणि मी मात्र खोक्यापाशीच बसून राहिलो.

एकविसाव्या दिवशी दुपारी आतून चिवचिव ऐकू आली. बाबा हाका मारत सुटले. वहिनी धावत आली, झाकणाला हात लावला आणि तशीच थांबली.

"भावजी, तुम्ही उघडा. एखाददुसरंच असलं तर मला सांगू नका."

मी उघडलं. सतरापर्यंत मोजलं आणि चुकलो.

"वहिनी, तूच मोज गं," मी म्हणालो, "एका जागी थांबतच नाहीत."