पाणी प्यायलात का, मावशी?

बोईसरचा जनावरांचा डॉक्टर ज्ञानेश सोनटक्के रोज सकाळी दवाखान्याचं शटर वर करण्याआधी सातपाटीला एक फोन लावायचा. पलीकडून ठकीमावशी "बोला डाक्तर" म्हणाली की हा विचारायचा, "मावशी, पाणी प्यायलात का?"

"प्यायले, बाबा."

"आणि देवू?"

"तो पन प्यायला."

एवढं ऐकलं की त्याच्या जिवात जीव यायचा आणि तो जेमतेम दुसऱ्या सकाळपर्यंत पुरायचा. असे सत्तेचाळीस दिवस झाले होते. ऐकणाऱ्याला वाटावं, हा डॉक्टर आहे की नळपाणी योजनेचा माणूस. पण पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ जखमेला लागली आणि रोग अंगात उठला, की माणसाला पाणी नकोसं होतं. आणि एकदा उठला की त्याच्यावर औषध नाही. ठकीमावशी आणि तिचा मुलगा देवू, दोघांचे हात त्या लाळेत बुडाले होते, आणि ते बुडवायला सांगणारा ज्ञानेशच होता.

ज्ञानेश मूळचा हिंगोलीकडचा. नऊ वर्षांपूर्वी सरावलीच्या रस्त्याला दहा बाय पंधराचा गाळा घेऊन बसला. माणूस हुशार, हात हलका, पण जीभ तिखट. कुणी आजारी जनावर उशिरा आणलं की त्याचं टाळकं सटकायचं. "आठ दिवस काय याची आरती करत होतात?" हे वाक्य तर मदतनीस भावनाला पाठ झालं होतं, डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधी तीच पुटपुटायची. तरी लोक त्याच्याकडेच यायचे. वीज प्रकल्पाच्या वसाहतीतल्या केसाळ मांजरी यायच्या, सरावलीच्या भाड्याच्या खोल्यांतली कुत्री यायची. एका खोलीत चार कामगार आणि पाचवा कुत्रा, असा तिथला हिशेब. ज्याची रात्रपाळी तो दिवसा कुत्र्याजवळ झोपणार. एकदा असाच एक जण ड्यूटीच्या कपड्यांतच आला आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, ये नहीं खाता तो हमसे भी नहीं खाया जाता." त्याला मात्र ज्ञानेश काही बोलला नाही.

एका गोष्टीचा त्याला मनातून अभिमान होता. जनावर हातचं गेलं, आता फक्त हाल उरले, असं दिसलं की तो टेबलावरून त्याला खाली घ्यायचा, स्वतः फरशीवर बसायचा आणि त्याचं डोकं मांडीवर ठेवायचा. घरच्यांना म्हणायचा, "आता याला मोकळं करू. तुम्ही अंगावर हात ठेवा, म्हणजे घाबरणार नाही." मग एक इंजेक्शन, आणि कुत्रं झोपल्यासारखं जायचं. घरचे लोक रडत रडत त्याचेच आभार मानायचे. तो भावनाला सांगायचा, "माणसांच्या डॉक्टरला हे जमत नाही बघ. आपण शेवट तरी चांगला देतो."

आता त्या फोनकडे येतो, जो आठवला की ज्ञानेशला आजही घास गिळवत नाही.

मार्च संपत आला होता, शनिवारची दुपार होती. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर रक्ताची हगवण लागलेलं लॅब्राडॉर होतं, त्याची शीर सापडत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. भावनाने तो त्याच्या कानाला लावला. सातपाटीची ठकीमावशी होती. ती बोंबील वाळवून विकायची. तिच्या वलांड्यांखाली, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूंखाली, एक कुत्रं सावलीला झोपलेलं असायचं. पाठीवर पट्टे होते म्हणून त्याचं नाव बांगडा. दिवाळीनंतर कुणाच्या तरी मागे मागे घरी आलं ते राहिलंच. सातपाटीतलं लशीचं शिबिर त्याच्या आधीच होऊन गेलं होतं.

"डाक्तर, बांगड्याचं तोंड मिटत नाय. लाळ गळते नुसती. खायाला बघतो पन जात नाय. काटा अडकलाय वाटतं."

सातपाटीच्या कुत्र्याच्या घशात काटा अडकणं म्हणजे शाळेतल्या पोराला खरचटणं. माशांची डोकी खाऊनच ती वाढतात. ज्ञानेशला वर्षाला असे दहा-पंधरा फोन यायचे आणि दरवेळी काटाच निघायचा. तिथून बोईसरला यायचं म्हणजे कुत्रं कोंबून रिक्षा, त्यात निम्मा दिवस जाणार, म्हणून तो फोनवरच सांगून मोकळा व्हायचा. लोक दुवा द्यायचे. त्या दिवशीही उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मग काटाच असेल. एकाने जबडा धरा, दुसऱ्याने आत बोटं घालून चाचपा. सापडला तर काढा. नाहीच निघाला तर सोमवारी घेऊन या."

सोमवारी ती आली नाही. त्याला वाटलं, काटा निघाला. मंगळवारी तिचाच फोन आला.

"बांगडा गेला, डाक्तर. काटा काय गावला नाय. पान्यात तोंड घालायचा, पन गिळत नव्हता. काल मागचं पाय ओढत होता. आवाज पन बदललेला, घोगरा."

ज्ञानेशच्या हातातली सुई हातातच राहिली. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे अंगावर धावून येणारं, असं लोक समजतात. पण कुणालाही न चावता, कोपऱ्यात बसून, जबडा लोंबता ठेवून मरणारंही असतं. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात हे ठळक अक्षरात होतं, आणि त्याखाली लिहिलेलं होतं की घशात हाड अडकल्यासारखं दिसलं तरी तोंडात हात घालू नये. परीक्षेत त्याने ते लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

दवाखाना भावनावर टाकून त्याने मोटारसायकल काढली, पालघरवरून सातपाटी गाठली. ठकीमावशी बोंबील उलटत होती. त्याने आधी तिचे हात हातात घेतले. मासळी साफ करणाऱ्या बाईच्या बोटांवर काय असणार? कोयत्याचे काप, कोळंबीच्या काट्यांचे ओरखडे, मिठाने पांढऱ्या पडलेल्या चिरा. एक बोट धड नव्हतं.

"चावला नाय ना तो. मंग सुई कशाला?" ती म्हणाली.

"मावशी, लाळ जखमेत गेली की चावल्यासारखंच. माझं चुकलं. मी सांगितलं म्हणून तुम्ही हात घातलात. आता माझ्यासोबत चला."

डॉक्टर चुकलो म्हणतो, हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं. ती मुकाट्याने मागे बसली. सरकारी दवाखान्यात लस मिळाली, पण जखमेत भरायचं सीरम नव्हतं. ते दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात मिळालं. बोटांच्या प्रत्येक कापात सुई टोचून ते भरत होते तेव्हा ती छताकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं ते ज्ञानेशच्या. परत येताना गाडीवर मागून ती सहज म्हणाली, "देवूला सांगायला पायजे. जबडा त्यानंच धरलेला."

देवू तिचा एकुलता एक. रविवारीच बोटीवर गेला होता.

ज्ञानेश तडक मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात गेला. तिथल्या वायरलेसवरून बोट हाकणारा तांडेल अंकुश लागला. ज्ञानेशने सगळं समजावून सांगितलं, बोट वळवा म्हणाला, हात जोडतो म्हणाला. वायरलेसवर जोडलेले हात कुणाला दिसतात? अंकुशचं म्हणणं सरळ होतं, "कुत्रा चावला नाय, मंग बरफ भरलेली बोट कशी फिरवू? देवू मजेत हाय. पुढल्या सोमवारी येतोच हाव."

सोमवारी बोट लागली तेव्हा ज्ञानेश धक्क्यावर उभा होता. देवू हसतच उतरला. सव्वीस वर्षांचा गडी, जाळी ओढून ओढून तळहात सोललेले. पहिली लस त्याला ज्ञानेशने शेजारी उभं राहून टोचवली. सीरमसाठी दुसऱ्या दिवशी त्याच मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. पण त्या दिवशी ज्ञानेशकडे एका कुत्रीचं ऑपरेशन ठरलेलं होतं, पोटात पिल्लू अडकून पडलं होतं तिच्या. देवू म्हणाला, "जातो की मी. ल्हान हाय काय?" संध्याकाळी ज्ञानेशने फोन केला. ठकीमावशी म्हणाली, "घेतली, घेतली. तुमी कालजी करू नका."

तेव्हापासून हा रोजचा फोन. मावशीच्या पाचही लसी झाल्या. देवू बोटीवर जात नाही, त्याच्याही लसी झाल्या, असं तीच सांगायची. तरी त्याला झोप लागेना. लॅब्राडॉरवाल्यांना, मांजरवाल्यांना ओरडणं बंद झालं. भावना म्हणायची, ओरडा हो थोडं, दवाखाना सुना वाटतो. शेवटी बायको प्रियदर्शिनी वैतागली. "रोज फोनवर पाणी विचारता. एकदा जाऊन डोळ्यांनी बघून या की." दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड फोनने पोळलं होतं आणि हा फोनच करत बसला होता. बायकोने म्हटल्यावर त्याला ते लख्ख दिसलं.

सत्तेचाळिसाव्या दिवशी फोन झाल्यावर त्याने शटर उघडलंच नाही. पालघरला पावशेर जिलेबी घेतली. मनात म्हणाला, दोघांना समोर बसवून खाऊ घालतो, वर तांब्याभर पाणी पाजतो आणि हा फोन थोडा कमी करतो.

ठकीमावशीने त्याला बघून पदर सावरला. जिलेबी घेतली, स्वतः घटाघटा पाणी पिऊन दाखवलं. दोघंही हसले. मग तो म्हणाला, "देवूला बोलवा."

"तो बोटीव हाय."

"कधी गेला?"

तिने वलांडीवरचा एक बोंबील उगाच सारखा केला. "आज सहा दिस झालं. पावसाळ्याच्या बंदीला पंधरा दिसच ऱ्हायले ना. या येळेच्या तीन फेऱ्या चुकवून कसं चालंल?"

"मग आज सकाळी मला पाणी प्यायला म्हणालात ते?"

"तुमी लय घोर लावून घेतला व्हता, डाक्तर. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हनून."

देवतांच्या फोटोमागे खोचलेलं लशीचं कार्ड तिने काढून दिलं. त्याच्यावर एकच तारीख होती. सीरमची जागा कोरी होती. त्या मंगळवारीच बोटीत बर्फ भरायला देवूला बोलावणं आलं होतं. एक घेतली ना, झालं, असं तो आईला म्हणाला होता, आणि चावलाच नाही त्या कुत्र्यासाठी एक पुष्कळ असं तिलाही वाटलं होतं. ज्ञानेशला तिच्यावर ओरडता आलं असतं. नऊ वर्षं तेच तर करत आला होता. पण या बाईने सत्तेचाळीस सकाळी त्याला दिला तो दिलासा होता, आणि त्याने तो आयता घेतला होता.

दोघं सोसायटीत गेले. वायरलेस खरखरत होता. बऱ्याच वेळाने अंकुश तांडेल लागला. ज्ञानेशने विचारलं, देवू कसा आहे?

"बरं झालं तुमी लागलात," अंकुश म्हणाला. "परवापासून ताप हाय त्याला. हाताला मुंग्या येतात म्हनतो. कालपासून पानी जवळ नेलं का अंग आकडतंय त्याचं. घशात काय जात नाय. परवा रातच्याला सुरमई खाल्लेली, काटा अडकला असंल. आमी दोगं त्याला धरून, तोंड उघडून बघनारच व्हतो."

समोर भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता होता, त्याच्याकडे ज्ञानेश बघत राहिला. आजवर कितीतरी जनावरांचं डोकं त्याने मांडीवर घेतलं होतं. देवूसाठी त्याच्याकडे सुई नव्हती, औषध नव्हतं, मोकळं करू असं म्हणायची सोयसुद्धा नव्हती. बोट किनाऱ्याला लागायला दहा तास लागणार होते आणि ती लागल्यावर काय होणार हे त्याला माहीत होतं. तिथे ते माहीत असणारा तो एकटाच होता.

"अंकुशभाऊ, बोट आत्ताच्या आत्ता वळवा," तो म्हणाला. "त्याला सावलीत निजवा, अंगावर चादर घाला, एकाने जवळ बसून बोलत राहा. पाण्याचा आग्रह करू नका. आणि नीट ऐका. काटा नाही तो. कुणीही त्याच्या तोंडात हात घालू नका."

"बरं. वळवतो," पलीकडून आवाज आला, आणि खरखर वाढली.

ज्ञानेशने माइक खाली ठेवला. ठकीमावशी त्याच्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आपल्या बोटांवरच्या बुजलेल्या कापांकडे बघत राहिली. मग अगदी हळू, न रागावता, तिने विचारलं, "हात घालू नका, हे तुमी मला तवाच का नाय सांगितलंत, डाक्तर?"